सगळ्यांनी बाहेर पडा!

आमच्या पतसंस्थेत मोठ्यानं ओरडायला दोनच वाक्यांना परवानगी होती. एक, ‘टोकन नंबर सत्तावीस!’ आणि दुसरं, ‘सगळ्यांनी बाहेर पडा!’ पहिली हाक कॅशियर मॅडम द्यायच्या, खातेदारांसाठी. दुसरी मी द्यायचो, कर्मचाऱ्यांसाठी. नवखा खातेदार मात्र ती स्वतःसाठी समजायचा आणि पिशवी छातीशी धरून दाराकडे पळायचा. एकदा एक आजोबा पासबुक काउंटरवरच टाकून रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘आत जाऊ नका, आग लागलीय’ म्हणून सांगू लागले. पासबुक द्यायला मागोमाग धावलेल्या शिपाईमामांना त्यांनी शाबासकी दिली.

आग लागली नव्हती. प्रोग्रॅममधून बाहेर पडायचं होतं.

कारण स्क्रीनवर करडी चौकट आलेली असायची आणि तीत चार शब्द: ‘डिस्क ऑर नेटवर्क एरर’. या चारांतला सगळ्यात खट्याळ शब्द म्हणजे ‘ऑर’. नाडी धरून ‘वात असेल, नाहीतर पित्त’ म्हणणाऱ्या वैद्यातलाच हा प्रकार. डिस्क म्हणजे व्यवस्थापकांच्या टेबलाखालचं खोकं. नेटवर्क म्हणजे त्या खोक्यातून निघून भिंतीभिंतीनं, कपाटामागून, पायांखालून उरलेल्या टेबलांपर्यंत गेलेलं सगळं. म्हणजे ऑफिसात कुठंतरी काहीतरी बिघडलंय, एवढाच त्या निरोपाचा मथितार्थ. आणि ते आम्हाला निरोप यायच्या आधीपासून माहीत होतं.

माझी नेमणूक लेखनिकाची. पण ऑफिसात एमएस-सीआयटी पास झालेला मी एकटाच, म्हणून वायर, माउस, प्रिंटर आणि व्यवस्थापकांच्या मुलीचा कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म ही चारही खाती माझ्याकडे आली. लग्नात एकदा कुणाला वाढप जमलं, की जन्मभर त्याच्या हातातली बुंदीची परात सुटत नाही, तसं ते.

प्रोग्रॅम १९९८ सालचा. एका संचालकांच्या ओळखीतल्या पोरानं तो ॲक्सेस ९७ मध्ये लिहून दिला होता. पोरगं हुशार होतं. ठरलेल्या पैशांतले निम्मेच मिळाल्यावर त्यानं प्रोग्रॅमही निम्माच पुरा केला, आणि कुठला निम्मा ते सांगितलं नाही. मग ते पुण्याला गेलं आणि तिथून अमेरिकेला. मागे राहिली ती आतल्या कोडमधली त्याची एकमेव सूचना: ‘हे का चालतंय माहीत नाही. हात लावू नये.’ आम्ही ती गुरुमंत्रासारखी पाळली.

ॲक्सेस मायक्रोसॉफ्टनं १९९२च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा बाजारात आणलं. त्याच्या पोटातल्या इंजिनाचं नाव जेट. ऐकून विमान डोळ्यांपुढं येतं, पण ती नुसती आद्याक्षरं आहेत, ‘जॉइंट इंजिन टेक्नॉलॉजी’ची. एकटा माणूस एका यंत्रावर काम करत असेल तर ते खरंच विमानासारखं पळतं. बारा जण बसले की एका गाडीला बारा बैल जुंपल्यासारखं होतं, आणि आमचे बाराही बैल वेगवेगळ्या विभागांतले.

खरी गोम इंजिनात नव्हती, मांडणीत होती. मोठ्या बँकेत सर्व्हर असतो, म्हणजे खिडकीत बसलेला कारकून. तुम्ही चिठ्ठी द्यायची, तो आत जाऊन खतावणी उघडणार, लिहिणार, मिटणार आणि ‘झालं’ म्हणून सांगणार. तुमची चिठ्ठी वाटेत फाटली तरी खतावणीला ओरखडा उठत नाही. आमच्याकडे तो कारकूनच नव्हता. खतावणी हॉलच्या मधोमध उघडी टाकलेली, आणि बारा जण आपापल्या टेबलावरून लांबच लांब हात करून तीत थेट लिहितायत. हात म्हणजे वायर. लिहिताना कुणाच्या हाताला धक्का लागला की शाई सांडली, आणि शाई सांडली की पान सगळ्यांचंच खराब. ज्याला आम्ही कौतुकानं सर्व्हर म्हणायचो, ते टेबलाखालचं खोकं नुसतं गोदामाचा राखणदार. पोत्यात ज्वारी आहे की सिमेंट, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

वेबसाइटचं पान अर्ध्यात अडकलं तर ब्राउझर पुन्हा विचारून बघतो, गोल गोल फिरत बसतो, लाज सोडून तिसऱ्यांदा विचारतो. जेटचा स्वभाव तसा नाही. त्याचा स्वभाव मानपानात चूक झालेल्या व्याह्याचा. वायर क्षणभर सुटली आणि पुढच्याच क्षणी जोडली गेली, तरी व्याही बोलत नाहीत. त्यांना रीतसर बाहेर न्यायचं, रीतसर परत आत आणायचं, पुन्हा टोपी, पुन्हा नारळ. पुढच्या आवृत्त्यांत चार शब्दांचा तो निरोप जरा सुसंस्कृत झाला: तुमचा नेटवर्कशी संपर्क तुटला आहे, डेटाबेस बंद करा आणि परत उघडा. पण क्रमांक तोच राहिला, ३०४३. व्याह्यांची भाषा सुधारली, रुसायचं काही राहिलं नाही.

पहिली वायर काळी होती, टीव्हीच्या केबलसारखी गोल. एकच वायर या टेबलावरून त्या टेबलावर जायची आणि प्रत्येक संगणकाच्या पाठीशी टी आकाराचा एक सांधा. पुस्तकाप्रमाणे अशा एका माळेत तीस यंत्रं बसतात आणि माळ १८५ मीटरपर्यंत चालते. आमची जेमतेम चाळीस मीटरची. पण ती पंगत होती, आणि पंगतीचा नियम असा, की मधला एक उठला की सगळी पंगत उठते. ठेव विभागातल्या मॅडमनी पंख्याखाली यावं म्हणून टेबल वीतभर सरकवलं, की सांधा निसटायचा आणि कर्ज, वसुली, रोखपाल, सगळे उष्ट्या हातानं बसून राहायचे. मॅडमना मात्र वारा छान लागायचा.

या वायरीच्या दोन्ही टोकांना अंगठ्याएवढं टोपण असायचं. त्याला टर्मिनेटर म्हणतात. विहिरीत हाक मारली की आवाज जसा परत येतो, तसा सिग्नल वायरीच्या टोकावर आपटून परत येतो आणि मागून येणाऱ्याला धडकतो. ते पन्नास ओहमचं टोपण त्याला टोकाशीच गिळून टाकतं. एका दिवाळीच्या साफसफाईनंतर संस्था दीड दिवस बंद पडली. मी छतापर्यंत चढलो, कपाटं हलवली. शेवटी मामांनी ड्रॉवरमधून ते टोपण काढून हातावर ठेवलं.

“साहेब, ह्ये कशालाच जोडलेलं नव्हतं. एका बाजूला वायर, दुसऱ्या बाजूला काहीच न्हाई. मी म्हटलं, उरलं असंल.”

मामांचं काय चुकलं? कशाला ना कशाला जोडलेला, पण नसला तरी काही न अडणारा ऐवज आमच्या संस्थेत भरपूर होता. कशालाच जोडलेलं नसून ज्याच्यावाचून सगळं अडतं, असं मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

यथावकाश काळी वायर गेली. निळी आली, हॉलच्या कोपऱ्यात दिवे लुकलुकणारी पेटी आली, आणि प्रत्येक टेबलाला स्वतःची वायर मिळाली. पंगत जाऊन बुफे आला. आता एकाच्या वायरीनं दुसऱ्याचं जेवण थांबणार नाही, असं मी व्यवस्थापकांना लेखी दिलं. तो कागद त्यांनी फार वर्षं जपून ठेवला.

कारण आता दुसरा निरोप येऊ लागला. त्याचा अर्थ असा, की ही नोंद बदलता येत नाही, ‘ॲडमिन’ नावाच्या माणसानं अमक्या यंत्रावरून तिला कुलूप लावलंय. हा ॲडमिन कोण? आम्ही हजेरीपट पाहिला. मग कळलं, की ॲक्सेसमध्ये माणसांना वेगवेगळी नावं आणि पासवर्ड द्यायची सोय असते, आणि ती वापरली नाही तर आत येणारा प्रत्येक जण ॲडमिनच असतो. ती सोय बहुधा न मिळालेल्या निम्म्या पैशांत होती. आमच्याकडे खुर्चीला हात आहेत की नाहीत, यावरून हुद्दा कळायचा. व्यवस्थापकांच्या खुर्चीला हात, मान टेकायला उशी आणि पाठीला टॉवेल. पण प्रोग्रॅमच्या दरबारी व्यवस्थापक ॲडमिन, कॅशियर मॅडम ॲडमिन, आणि आवक-जावकच्या यंत्रावर एका बोटानं टपालाच्या नोंदी करणारे शिपाईमामाही ॲडमिन.

“ॲडमिन म्हंजे काय हो साहेब?” मामांनी विचारलं.

“म्हणजे सगळ्यात वरचा. मालकच म्हणा.”

मामांनी थोडा विचार केला. “पगारात काय फरक पडतो?”

कुणाकुणाची यंत्रं आत आली, हे बघायला एक युक्ती होती. डेटाबेसच्या फाइलशेजारी त्याच नावाची एक चिमुकली फाइल तयार होते, शेवट ‘एलडीबी’. पहिला माणूस आत आला की ती जन्मते, शेवटचा रीतसर बाहेर पडला की आपोआप पुसली जाते. देवळाच्या दारातल्या चपलांसारखी. प्रत्येकाला ६४ बाइटची जागा, निम्म्यात यंत्राचं नाव, निम्म्यात माणसाचं. नोटपॅडमध्ये उघडली की नावं वाचता येतात. फक्त चपला आहेत म्हणजे माणूस आत आहेच, असं नाही. काही जण अनवाणी निघून गेलेले असतात. आणि सगळे गेले तरी चपला उरल्या, तर समजायचं की आतून कुणीतरी दारानं नाही, खिडकीतून गेलंय. म्हणजे वीज गेली, यंत्र अडकलं, नाहीतर सरळ बटण दाबून बंद केलं.

कुलपाचीही एक गंमत होती. ॲक्सेस ९७ नोंदीला कुलूप लावत नाही, पानाला लावतं. पान २ किलोबाइटचं, त्यात शेजारीशेजारी बऱ्याच जणांच्या नोंदी. त्यामुळं कर्ज विभागातल्या साहेबांनी एका खातेदाराचा पत्ता बदलायला घेतला आणि स्क्रीन तशीच उघडी ठेवून ते चहाला गेले, की काउंटरवर भलत्याच माणसाची नोंद अडायची.

“माझ्या खात्याला कुलूप का लावलंय?”

“तुमच्या नाही, शेजारच्या.”

“शेजारचा थकबाकीदार आहे?”

“नाही. त्याचा पत्ता बदलतोय.”

“बदलू दे की! मी कुठं त्याच्या घरी राहायला चाललोय?”

याला उत्तर नव्हतं. पुढं ॲक्सेस २००० मध्ये एकेका नोंदीला कुलूप लावायची सोय झाली. आम्ही फाइल नव्या आवृत्तीत नेली आणि शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा आपल्याला, हा प्रकार संपला.

मग तेरावा संगणक आला. संचालक मंडळानं ठराव करून घेतलेला, हार घालून चालू केलेला. दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी बाहेर अडकू लागलं. आधीच्या बारांत एक खुद्द सर्व्हर आणि एक नुसता पासबुक छापणारा, म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं. आमचं खोकं विंडोज एक्सपी प्रोफेशनलचं, आणि त्याला एका वेळी बाहेरून दहाच जोडण्या चालतात. अकरावा आला की ते नम्रपणे सांगतं, मला झेपतात तेवढे पाहुणे आलेत. ॲक्सेसच्या माहितीपत्रकात एका वेळी २५५ जण, असा आकडा छापलेला. एसटीत पाटीवर चव्वेचाळीस आणि आत ऐंशी माणसं पाहून वाढलेल्या आम्हाला हे उलटं गणित पचेना. पाटीवर २५५ आणि अकराव्यालाच दार बंद? मग संगीत खुर्ची सुरू झाली. “कुणीतरी एकानं उठा हो, मला एक पावती मारायचीय!” वसुलीवाले साहेब आदल्या रात्रीपासूनच जागा धरून ठेवू लागले, लोक एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तशी.

पण सगळ्यात पसंत पडलेला प्रकार म्हणजे ‘ऑपॉर्च्युनिस्टिक लॉकिंग’. मराठीत, संधिसाधू कुलूप. सहकारात नोकरी केलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही, तरी सांगतो. फाइल उघडणारा पहिला माणूस एकटाच असेल तर विंडोज त्याला म्हणतं, ‘सध्या तुम्हीच आहात, तर पानं तुमच्या खणातच ठेवा, दरवेळी हेलपाटा कशाला?’ पहिला खूश. दुसरा माणूस आला की विंडोज पहिल्याला निरोप धाडतं, ‘वाटेकरी आलाय, खणातलं बाहेर काढा.’ पहिल्यानं लिहिलेलं सगळं मुकाट्यानं परत करायचं, मगच दुसऱ्यानं हात लावायचा. योजना चांगलीच आहे. फक्त परत करायच्या नेमक्या वेळी वायर हलली की पहिला ‘नॉट रीचेबल’ होतो आणि खणातलं खणात राहतं. संधी आली तेव्हा घ्यायचं आणि द्यायची वेळ आली की नॉट रीचेबल व्हायचं, हे संगणक कुठून शिकले, यावर आमच्या चहाच्या टेबलावर दोन पक्ष होते. दोन्ही पक्षांचे संचालक मंडळात प्रतिनिधी होते.

बिघाडाइतकेच त्यावरचे उपाय. कॅशियर मॅडम माउस उलटा करून फुंकर मारायच्या. वसुलीवाले साहेब मॉनिटरच्या टाळूवर चापट द्यायचे, तीही थकबाकीदाराला द्यावी तशी, आधी हलकी आणि मग नियमाप्रमाणं. खंडेनवमीला सर्व्हरची पूजा व्हायची. एका वर्षी व्यवस्थापकांनी अक्षता भक्तिभावानं फ्लॉपीच्या फटीतून वाहिल्या. ती फ्लॉपी ड्राइव्ह पुढं कधी बोलली नाही, पण तिची एरर पण कधी आली नाही.

माझ्या हाती खरा उपाय एकच, ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’. ॲक्सेसमधून नोंद खोडली तरी तिची जागा रिकामी होत नाही. निवृत्त माणसाचं टेबल तसंच पडून राहावं, तशी फाइल फुगत जाते. कॉम्पॅक्ट केलं की ती नवी कोरी मांडली जाते आणि सांडलेली शाईही जमेल तेवढी पुसली जाते. अट एकच, आत कुणी असता कामा नये. म्हणून ती आरोळी.

पुसताना कधी कधी जास्तही पुसलं जायचं. काही ओळींत नावाऐवजी ‘डिलीटेड’ उमटायचं. एका जामीनदाराच्या पत्त्याच्या जागी तर चक्क चिनी अक्षरं आली. फाइलमधला मजकूर विस्कटला की ॲक्सेस त्याचा असा वाट्टेल तो उच्चार करतं. वसुलीवाले साहेब स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “तरीच गेली तीन वर्षं सापडत नव्हता.”

पण दर दिवशी साधारण साडेचारला येणाऱ्या ३०४३चं कोडं सुटेना. सकाळी नाही, दुपारी नाही. साडेचार वाजले की पहिल्यांदा कॅशियर मॅडमचं यंत्र जायचं, आणि नेमकी त्याच क्षणी पावती लिहिली जात असली तर फाइलच दुखावायची आणि सगळे जायचे. मी वायर बदलली. पेटी बदलली. साडेचारला चहा येतो म्हणून पाच दिवस चहाची वेळ बदलली. त्या पाच दिवसांत माझ्याशी कुणी नीट बोललं नाही आणि एरर साडेचारलाच आली. व्यवस्थापकांनी गुरुजींना विचारलं, त्यांनी तो राहुकाळ नसल्याचा निर्वाळा दिला. अमेरिकेतल्या पोराला फोन लावला. तिथं पहाट होती. ते म्हणालं, “काका, तो प्रोग्रॅम अजून चालतोय?” त्याच्या आवाजात आनंद नव्हता, भीती होती.

मग मी मॅडमच्या यंत्रावर ‘पिंग’ लावून ठेवलं. ही आज्ञा १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थानं लिहिली आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिचं नाव ठेवलं. आपल्याकडच्या भाषेत ती हाळी आहे. या यंत्रानं सर्व्हरला हाळी घालायची, ‘हायेस का रं?’ त्यानं ‘ओ’ द्यायची. दर सेकंदाला एक हाळी, एक ओ, एक ओळ. स्क्रीन मी काउंटरच्या बाहेरून दिसेल अशी वळवली आणि स्वतः खातेदारांच्या बाकावर जाऊन बसलो. इतक्या वर्षांत त्या बाकावर मी पहिल्यांदाच बसत होतो. तिथून आमचं ऑफिस अगदी वेगळं दिसतं. सगळे फार कामात असल्यासारखे दिसतात.

चार वाजून वीस मिनिटांनी पिग्मी एजंट यायला लागले. दिवसभर बाजारपेठ फिरून, दुकानादुकानातून दहा-वीस-पन्नास गोळा करून आलेली माणसं. खांद्याला पिशवी, हातात ते पावती फाडणारं छोटं मशीन, चेहऱ्यावर ऊन. पहिल्यानं पिशवी काउंटरवर ठेवली, सुस्कारा टाकला आणि उजवा पाय उचलून काउंटरच्या तळाशी असलेल्या लाकडी पट्टीवर टेकवला.

ओ, ओ, ओ... आणि एक ओळ बदलली. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट.’ हाळी घातली, ओ आली नाही.

त्यानं पाय खाली घेतला. ओ. पाय बदलून डावा ठेवला. ओ नाही. मी बाकावरून उठलो आणि दोन्ही गुडघ्यांवर बसून, त्याच्या चपलेजवळ डोकं नेऊन बघू लागलो. तो बिचारा गडबडला. मी पाया पडतोय असं समजून त्यानं दोन्ही पाय एकदम मागं घेतले. “अहो साहेब, हे काय! आज कलेक्शन कमी झालंय हे खरंय, पण...”

लाकडी पट्टीमागून निळी वायर जात होती. तिच्या टोकाच्या पारदर्शक प्लगला एक नखाएवढी प्लॅस्टिकची खिट्टी असते, आत टाकली की ‘टक’ करून बसते आणि प्लग धरून ठेवते. ती खिट्टी कधीची तुटलेली. प्लग नुसता भोकात टेकून उभा होता, सवयीनं. पट्टीवर पाय पडला की वायर केसभर ओढली जायची आणि प्लग केसभर मागं सरकायचा. पाय उचलला की जागेवर. रात्री तपासायला जावं तर सगळं ठणठणीत, कारण रात्री कुणी दमून पाय टेकवत नाही.

नवा प्लग दहा रुपयांच्या आतला. मी वायर कापली, आठ तारा सरळ केल्या, मनातल्या मनात पाढा म्हटला, ‘पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी’, आणि पक्कडीनं दाबल्या. टक. मामांनी पट्टीखाली एक वेगळं फळकूट ठोकलं, फक्त पाय ठेवायला. त्यानंतर साडेचारला फक्त चहा आला. मासिक सभेत व्यवस्थापकांनी अहवाल दिला, ‘तांत्रिक बिघाड दूर केला.’ त्यात पायाचा उल्लेख नव्हता. पण मी ३०४३चा अर्थ तेव्हापासून वेगळा लावायला शिकलो. निरोप यंत्र देतं, पत्ता मात्र माणसाचा असतो. कुणाला वारा हवा असतो, कुणाला चहा, कुणाला दिवसभराच्या पायपिटीनंतर टेकवायला चार बोटं लाकूड. टेबलापुढं बसून वायर तपासत राहिलं की हे दिसत नाही. बाकावर जाऊन बसावं लागतं.

हे ज्ञान दुसऱ्यांदा उपयोगी पडलं ते कर्ज विभागातल्या नव्या साहेबांच्या वेळी. ते लॅपटॉप वापरायचे, वाय-फायवर, आणि फोन आला की लॅपटॉप काखेत धरून बोलत बोलत जिन्यापर्यंत जायचे. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर वाय-फाय संपायचं. जेटला आणि वाय-फायला एका छताखाली नांदवू नये, असं जाणकार सांगतातच. यावेळी मी वायरीला हात लावला नाही. साहेबांच्या टेबलाजवळ खिडकी उघडून दिली. तिथं मोबाइलची रेंज पूर्ण येत होती.

शेवटी संस्थेनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. आता सर्व्हर कुठल्यातरी शहरातल्या डेटा सेंटरात असतो, खिडकीत खरा कारकून बसतो आणि आम्ही नुसत्या चिठ्ठ्या पाठवतो. कुणाच्या टेबल सरकवण्यानं कुणाचं काही अडत नाही. कधी बंद पडलंच तर आम्हीही आता इतरांसारखं ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतो आणि हात बांधून बसतो. तिकडं कोण कुठं पाय टेकवून उभं आहे, हे इथल्या बाकावरून दिसत नाही.

जुनी फाइल मिटायचा दिवस ३१ मार्च. रात्री साडेआठला मी शेवटची आरोळी दिली, “सगळ्यांनी बाहेर पडा!” खातेदार कुणीच नव्हते, त्यामुळं पळालं कुणी नाही. सगळ्यांनी बंद केलं, डबे-पिशव्या उचलल्या, निघाले. मला फाइलची अखेरची प्रत सीडीवर उतरवायची होती. बघतो तर ती चिमुकली एलडीबी तिथंच. दारात चपला. पुसायला गेलो तर फाइल वापरात आहे म्हणे. सर्व्हरवर उघड्या फाइलींची यादी पाहिली. एकच यंत्र, आवक-जावक. युजर ॲडमिन.

आत गेलो. मामा ट्यूबलाइटखाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक बोट अक्षर शोधत हवेत.

“मामा, बाहेर पडा. ओरडलेलं ऐकलं नाही?”

“ऐकलं की. जावकची एक नोंद ऱ्हायलीय.”

“अहो, उद्यापासून हा प्रोग्रॅमच नाही.”

“म्हनून तर. अर्धवट टाकून उठलं की फाइल बिघडती, तुमीच सांगता.” त्यांचं बोट एकदाचं अक्षरावर उतरलं. “आन् मालकानं शेवटी निघायचं असतंय.”

त्यांनी नोंद पुरी केली, एकदा वाचून बघितली, प्रोग्रॅम बंद केला, मगच यंत्र. मी परत येऊन सर्व्हरवर पाहिलं. चिमुकली फाइल आपोआप गेली होती.

आतून मामांचा आवाज आला. टेबलाखाली वाकून ते पायानं काहीतरी चाचपत होते.

“साहेब, माझ्या चपला दिसतात का हो कुठं?”